कॅसिनोला सवलत द्यावी का? आधी विचारा, कुठली सवलत

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचा पणजीला मांडवी नदीतल्या एका कॅसिनो जहाजावर डीलर आहे, म्हणजे टेबलवर पत्ते वाटून खेळ चालवतो. कंपनीच्या बैठकीत सांगण्यात आलं की कर असाच राहिला आणि सरकारने सवलत दिली नाही, तर माणसं कमी करावी लागतील. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, सरकार चालता धंदा बुडवायला निघालंय. दुसरा म्हणतो, जुगाराला कसली सवलत, सगळं नाटक आहे. खरं काय, आणि सरकारने सवलत द्यावी का?

आधी मी कुठे उभा आहे ते सांगतो, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवाल. मी पणजीत अप्रत्यक्ष करांचं काम करतो. हॉटेलवाले आणि गेमिंगवाले माझे अशील राहिले आहेत, त्यांच्यासाठी सवलतीचे अर्ज मी स्वतः लिहिले आहेत. अर्जात काय घालतात आणि काय शिताफीने वगळतात, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे 'सगळं नाटक' हे मत मला पटत नाही आणि 'धंदा बुडाला' हेही पटत नाही.

तुमच्या घरातला वाद खरं तर एका गोंधळावर चाललाय. 'सवलत' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी मागितल्या जातात: जीएसटीत सूट, परवाना शुल्कात सूट आणि नियमांत ढील. पहिली राज्य सरकारच्या हातात जवळपास नाही. दुसरी पूर्णपणे आहे. तिसरी आहे, सगळ्यांत मोलाची आहे, आणि तिच्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं. भाच्याच्या बैठकीत पहिलीबद्दल बोलणं झालं असावं, कारण अलीकडे बसलेला मोठा मार तिथलाच आहे.

जीएसटीचं गणित एकदा नीट समजून घ्या, कारण त्यांच्या तक्रारीत सगळ्यांत जास्त तथ्य इथे आहे. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने ठरवलं की कॅसिनोवर २८ टक्के कर पूर्ण दर्शनी रकमेवर घ्यायचा. ऑगस्टच्या बैठकीत खुलासा झाला की चिप्स, म्हणजे खेळायची टोकनं, विकत घेताना जी रक्कम भरली त्यावर एकदाच कर, जिंकलेले पैसे पुन्हा लावले तर त्यावर पुन्हा नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून हे लागू झालं. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये दरांची फेररचना झाली आणि २२ सप्टेंबरपासून हाच दर ४० टक्के झाला.

आता उदाहरण घ्या. आकडे माझे, समजावण्यापुरते. एका गिऱ्हाइकाने १०,००० रुपयांच्या चिप्स घेतल्या, रात्रभर खेळला आणि उठताना त्याच्याकडे ८,५०० उरले. कॅसिनोची त्या गिऱ्हाइकावरची खरी कमाई १,५०० रुपये. जगात बहुतेक ठिकाणी कर या कमाईवर लागतो. अमेरिकेतल्या नेवाडात मोठ्या कॅसिनोंना वरच्या टप्प्यात ६.७५ टक्के, मकावमध्ये ३५ टक्के आणि वर काही अधिभार. आपल्याकडचा ४० टक्के दर या १,५०० वर लावला असता तर कर झाला असता ६००. पण तो लागतो १०,००० वर, म्हणजे ४,०००. कॅसिनोने टेबलवर कमावले त्याच्या अडीचपटीहून जास्त. साहजिकच हा कर कॅसिनो खिशातून भरू शकत नाही, तो गिऱ्हाइकाकडूनच वसूल होतो. १०,००० च्या चिप्स हव्या तर १४,००० द्या, नाहीतर १०,००० देऊन सुमारे ७,१४० च्याच चिप्स घ्या. नेहमीचा खेळणारा हे एका रात्रीत ओळखतो. तो कमी खेळतो, नेपाळ किंवा श्रीलंकेचं तिकीट काढतो, नाहीतर रोखीने चालणाऱ्या बेकायदा अड्ड्यावर जातो.

म्हणून कराच्या पायाबद्दलची, म्हणजे कर कुठल्या रकमेवर लावायचा याबद्दलची, त्यांची तक्रार मला रास्त वाटते. दर ४० असो की ५०, तो निव्वळ कमाईवर लावा, हे म्हणणं जुगाराची बाजू न घेताही मांडता येतं.

पण ही तक्रार पणजीत करून उपयोग काय? दर आणि पाया दोन्ही ठरवते जीएसटी परिषद. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश वजन लागतं. एकट्या गोव्याच्या मताचं वजन जेमतेम दोन टक्क्यांच्या घरात. गोव्याने प्रयत्न केलेच नाहीत असं नाही. मेघालयचे मुख्यमंत्री कॉनराड संगमा यांच्या अध्यक्षतेखालच्या, याच विषयावरच्या मंत्रिगटात गोव्याचे मंत्री माविन गुदिन्हो होते. जून २०२२ मध्ये चंदीगडच्या बैठकीत विषय पुन्हा मंत्रिगटाकडे गेला तो बऱ्याच अंशी गोव्याने लावून धरल्यामुळे. ऑगस्ट २०२३ मध्येही गोव्याने वेगळं मत नोंदवलं. निर्णय व्हायचा तोच झाला.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली, जी लोक यातच मिसळतात. सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात कॅसिनो चालवणारी कंपनी डेल्टा कॉर्प आणि तिच्या उपकंपन्यांना जुलै २०१७ ते मार्च २०२२ या काळासाठी मिळून सुमारे १६,८२२ कोटींच्या जीएसटीच्या नोटिसा आल्या. कंपनीने त्यांना न्यायालयात आव्हान दिलं. ही मागची थकबाकी आहे की नाही हा वाद केंद्रीय यंत्रणा आणि न्यायालय यांच्यातला आहे. गोवा सरकार मनात आणूनही ती रक्कम माफ करू शकत नाही.

एक आडवाट मात्र आहे, ती सांगायला हवी. जीएसटीचा निम्मा वाटा राज्याला मिळतो. आपल्या वाट्यातला काही भाग राज्य 'प्रोत्साहन अनुदान' म्हणून उद्योगाला परत देऊ शकतं. महाराष्ट्रात कारखान्यांना सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली असे परतावे मिळतात. कॅसिनोला असा परतावा द्यायची राजकीय छाती कुणाची होईल असं मला वाटत नाही, पण कागदावर हा दरवाजा बंद नाही. उद्या 'पर्यटन प्रोत्साहन' अशा साध्या नावाने काही आलं, तर ओळ न् ओळ वाचा.

आता दुसरी सवलत, परवाना शुल्काची. इथे सगळी सत्ता राज्याची आहे. मूळ कायदा १९७६ चा, गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा. हा कायदा मुळात जुगाराला बंदी घालणारा. १९९२ मध्ये त्यात कलम १३-अ घालून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट करून दिली आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलवरच्या खेळांना. या कलमाची रचना बघण्यासारखी आहे. सरकार परवानगी देऊ शकतं, अटी घालू शकतं, आणि आवर्ती व अनावर्ती (वारंवार भरायचं आणि एकदाच भरायचं) शुल्क ठरवू शकतं. म्हणजे शुल्क वाढवायचं असो वा अट सैल करायची असो, दरवेळी विधानसभेत विधेयक आणावं लागत नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय, अधिसूचना, झालं.

२०१८ मध्ये मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना वार्षिक शुल्कात मोठी वाढ झाली. जहाजांसाठी प्रवासी क्षमतेप्रमाणे टप्पे ठरले: २०० पर्यंत २५ कोटी, २०० ते ४०० साठी ३० कोटी, ४०० च्या वर ४० कोटी. ४० कोटींचं शुल्क म्हणजे दिवसाला जवळपास ११ लाख. जहाज भरलेलं असो, पावसाळ्यात ओस पडलेलं असो, ते द्यायचंच.

हे ठोक शुल्क सरकारला सोयीचं आहे. कॅसिनो चालवणाऱ्याने, म्हणजे चालकाने, किती कमावले ते तपासत बसावं लागत नाही, पैसे ठरल्या वेळी तिजोरीत येतात. पण अडचणही यातच आहे. धंदा तेजीत असेल तेव्हा सरकारला जास्तीचं काही मिळत नाही, आणि मंदी आली की चालक लगेच दारात उभा राहतो. शुल्क कमाईच्या टक्केवारीत असतं तर मंदीत ते आपोआप खाली आलं असतं आणि अर्ज करायचं कारणच उरलं नसतं. सवलतीची मागणी दर दोन-चार वर्षांनी उगवते ती चालकांच्या हावरटपणामुळेच असं नाही. व्यवस्थाच तशी बांधली आहे.

करोनाच्या वेळी हे उघडं पडलं. मार्च २०२० मध्ये कॅसिनो सरकारी आदेशाने बंद झाले, ते १ नोव्हेंबरला उघडले. चालकांचं म्हणणं, तुम्हीच बंद केलंत, मग त्या महिन्यांचं शुल्क कशाचं? राजकीय वाद झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. कायद्याच्या अंगाने चालकांची बाजू पहिल्यापासून लंगडी होती. 'मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगून ठेवलंय की जुगार हा व्यापाराच्या मूलभूत हक्कात बसत नाही. मग परवाना शुल्क हे सेवेचा मोबदला न राहता, सरकारने दिलेल्या खास मुभेची किंमत ठरतं. दारूच्या परवान्यासारखंच. माझं वैयक्तिक मत विचाराल तर सरकारी आदेशाने बंद राहिलेल्या दिवसांपुरती, सगळ्यांना सारखी आणि त्या दिवसांच्याच प्रमाणात सूट दिली असती तर मला ते अन्यायाचं वाटलं नसतं. हॉटेलवाल्याला आणि टॅक्सीवाल्याला मात्र त्याच काळात काय मिळालं, हा प्रश्न मग टाळता येणार नाही.

आता तिसरी, नियमांतली सवलत. मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते हिच्याबद्दल.

वरचे शुल्काचे टप्पे परत बघा. ४०० च्या वर ४० कोटी, आणि तिथे टप्पा संपतो. २०० क्षमतेचं जहाज दर माणसामागे वर्षाला साडेबारा लाख भरतं. १,००० क्षमतेचं जहाज भरेल ४ लाख. २,००० चं असेल तर २ लाख. आता समजा एखाद्या चालकाने अर्ज केला की जुनं जहाज थकलंय, त्याच्या जागी नवं आणायची परवानगी द्या. त्यात कराचा उल्लेख नाही, सूट मागितलेली नाही, वर्तमानपत्रात फार तर चार ओळी येतील. पण नवं जहाज दुप्पट-तिप्पट मोठं असेल तर त्या एका परवानगीतून जे मिळतं ते शुल्कातल्या कुठल्याही सवलतीपेक्षा मोठं असतं, आणि वर्षानुवर्षं मिळत राहतं. नदीतली गर्दी, धक्क्यावरच्या गाड्या, सांडपाणी यांचा भार मात्र पणजीवर.

दुसरं उदाहरण नांगर टाकण्याच्या जागेचं. जहाजं मांडवीतून हलवणार, हे आश्वासन गोव्यात इतक्या वेळा दिलं गेलंय की आता ते ऐकून कुणी मानही वर करत नाही. मोपा विमानतळाजवळ नेण्याचीही चर्चा झाली. प्रत्यक्षात सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ मिळत राहिली. दयानंद बांदोडकर मार्गावरून दिसणारी ही जागा काढून घेतली आणि जहाज आडबाजूला नेलं तर तोच परवाना अर्ध्या मोलाचाही राहणार नाही. म्हणजे दर मुदतवाढ ही सवलतच आहे, फक्त तिला कुणी तसं म्हणत नाही. यात चालकांचंही नुकसान आहे, हे मान्य करतो. सहा महिन्यांपलीकडचं काही दिसत नसेल तर कुणी किनाऱ्यावर चांगली व्यवस्था उभारायला पैसे घालत नाही, आणि वर्षातून दोनदा मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. त्या पायऱ्यांवर काय बोलणी होतात ते फाइलवर येत नाही.

जमिनीवरच्या कॅसिनोंची गोष्ट वेगळी. कायद्याने त्यांना इलेक्ट्रॉनिक खेळांपुरतीच परवानगी आहे, म्हणून जहाजांसारखे टेबलवरचे थेट खेळ आम्हालाही द्या, ही त्यांची जुनी मागणी. हीदेखील नियमांतली सवलत, आणि तिची किंमत प्रचंड. शिवाय अंमलबजावणी आहेच. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे आणि राज्य कर आयुक्तच गेमिंग आयुक्त नेमले गेले. ज्या अधिकाऱ्याकडे महसूल गोळा करायचं काम, त्याच्याकडेच धंद्याला लगाम घालायचंही काम. दारावर ओळखपत्र किती काटेकोरपणे बघितलं जातं यावर महिन्याची उलाढाल बदलते. तपासणी ढिली ठेवणं ही अशी सवलत आहे की जिच्यासाठी अर्जही करावा लागत नाही.

मग नोकऱ्या जातील ही धमकी खरी की खोटी? परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती परिस्थिती फक्त हिशेबाच्या वह्यांत दिसते. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीचं उदाहरण देतो. तिथे २०१४ या एका वर्षात बारापैकी चार कॅसिनो बंद पडले. धमकी नव्हती ती, खरोखर टाळं लागलं आणि माणसं रस्त्यावर आली. म्हणून २०१६ मध्ये न्यू जर्सी राज्याने कायदा केला की मालमत्ता करावर दरवर्षी भांडण्याऐवजी सगळ्या कॅसिनोंनी मिळून वर्षाला १२ कोटी डॉलरपासून सुरू होणारी ठरावीक रक्कम द्यावी, दहा वर्षं. मला हा तोडगा तेव्हाही समंजस वाटला होता. पण डिसेंबर २०२१ मध्ये, मुदत निम्मीच झाली असताना, हिशेबातून ऑनलाइन जुगाराचं उत्पन्न वगळून ही रक्कम कमी करण्यात आली. न्यू जर्सीच्या सिनेटचे तेव्हाचे अध्यक्ष स्टीफन स्वीनी यांचा युक्तिवाद होता की असं केलं नाही तर चार कॅसिनो बंद पडू शकतात. पुढे आकडे आले तेव्हा दिसलं की २०२१ मध्ये त्या शहरातल्या कॅसिनोंचा मिळून ढोबळ नफा करोनापूर्वीच्या २०१९ पेक्षा जास्त होता. तेच शहर, तोच युक्तिवाद, एकदा खरा आणि एकदा फुगवलेला. बाहेरून दोन्ही सारखेच ऐकू येतात.

म्हणूनच अर्ज कुणाकडूनही येवो, मी आधी विचारतो की त्रास कशामुळे झाला. सरकारने बंद करायला लावलं, की कर्ज काढून दुसरीकडे जमीन घेतली म्हणून हात तंग आहे? दुसरं कारण असेल तर ते राज्याने का भरून काढायचं? मग विचारतो, टेबलनिहाय कमाईचे आकडे दाखवणार का? इथे बहुतेक अर्ज थंडावतात. आणि सवलत कधी संपणार याची तारीख आदेशात आहे का ते बघतो. तारीख नसलेली सवलत मी कुठल्याही धंद्यात मागे घेतलेली पाहिली नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट जोडतो. तिथेही १९७६ मध्येच कॅसिनो नियंत्रण आणि कराचा कायदा झाला होता. तो कधी अंमलात आलाच नाही, आणि २०२३ मध्ये रद्द झाला. मधल्या काळात तो लागू करावा म्हणून न्यायालयात खेटे घालणारेही होते. त्यामुळे सिंधुदुर्गातली जी मुलं या कामाकडे वळतात त्यांच्यासाठी पणजी हेच जवळचं ठिकाण राहणार, आणि तुमच्या भाच्यासारख्यांचा प्रश्न खराच आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: जीएसटीचा पाया बदलावा ही मागणी रास्त, पण ती दिल्लीत करायची. शुल्कात सूट द्यायची असेल तर ती आकडे उघड केल्यावर आणि मुदत ठरवून. नियमांतली ढील मात्र कुणी 'पैशांची नाही, म्हणून फुकटची' समजू नये. मी सरकारच्या जागी असतो तर आधी ४०० च्या वर नवे टप्पे आणले असते आणि शुल्काचा काही भाग कमाईच्या टक्केवारीला जोडला असता.

भाच्यासाठी वेगळं सांगतो. चांगल्या डीलरला जहाजावर काय, किनाऱ्यावर काय, काम मिळतं. घाबरून राजीनामा देऊ नये. कंपनीने नोकऱ्यांचं कारण पुढे करून सवलत मागितली आणि ती मिळाली, तर निघालेली अधिसूचना राजपत्रातून काढून वाचायला सांगा. राजपत्र संकेतस्थळावर असतं, पैसे लागत नाहीत. त्यात 'अमुक इतके कर्मचारी अमुक मुदतीपर्यंत कायम ठेवावेत, अन्यथा सवलत रद्द' अशा अर्थाची अट आहे का, एवढंच शोधायचं. असेल तर तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. नसेल तर त्या सवलतीचा त्याच्या नोकरीशी कायद्याने काहीही संबंध नाही, आणि त्याने दुसरीकडे अर्ज करायला सुरुवात केलेली बरी.